आधी ऑलिव्हर, मग दिग्विजय

३ जानेवारी २०००, सोमवार

नवं शतक. जग बुडालं नाही. बहिणीचा मुलगा वरद गेलं वर्षभर सांगत होता की एकतीस डिसेंबरला बाराच्या ठोक्याला सगळे कॉम्प्युटर गोंधळणार, बँका बंद पडणार, विमानं खाली येणार. सकाळी दूधवाला आला, नेहमीइतकंच पाणी घालून. हे संकट येऊ नये म्हणून वरदला माझ्या दुप्पट पगार होता. याला म्हणे आयटी.

संकल्प. एक, जूनमध्ये आप्पासाहेब निवृत्त होतात, त्यांच्या विभागप्रमुखाच्या खुर्चीत मी. दोन, दिग्विजयचा रिपोर्ट मार्चच्या आत. तीन, नम्रता भोयरशी सौजन्याने बोलणे. चार, रोज डायरी.

यातला दुसरा साधला की पहिला साधतो. दिग्विजय हा मांजरी गावाच्या पुढे आमचं वळू केंद्र आहे तिथला खिलार जातीचा वळू. दिसायला राजबिंडा, उंच शिंगं, सगळे बघत राहतात. आतून आळशी. त्याच्या शुक्राणूंना श्वास घ्यायचादेखील कंटाळा. हे भारतात प्रथम मी सिद्ध करतो आहे. रिपोर्ट मंजूर झाला की दिग्विजय लिलावात आणि मी खुर्चीत.

५ जानेवारी, बुधवार

काल डायरी राहिली. कामाचा ताण.

पद्धत एकदा लिहून ठेवतो. ही वही कोणी वाचायची नाही, पण उद्या कोणी चरित्र लिहायला घेतलंच तर त्याची अडचण नको.

सकाळी ड्रायव्हर उत्तरेश्वर वळू केंद्रावरून लॅबमध्ये जीप घेऊन येतो. थर्मासमध्ये वीर्याच्या दोन बाटल्या. एक दिग्विजयची, एक ऑलिव्हरची. ऑलिव्हर म्हणजे कॅनडाहून आणलेला काळापांढरा वळू, तुलनेसाठी. सॅम्पल बफरच्या पाण्यात घालून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरा फिरवायचं. शुक्राणू ट्यूबच्या तळाशी गोळा होऊन बसतात. वरचं पाणी ओतायचं, नवं घालायचं, गोळा मोडायचा, पुन्हा फिरवायचं. बाकीचे दोनदा धुतात, मी तीनदा. आमच्या सदाशिव पेठेत तांदूळसुद्धा तीन पाण्यांतून काढतात. मग शुक्राणू ऑक्सिजन मीटरच्या बंद डबीत. ते श्वास घेतात, डबीतला ऑक्सिजन कमी होतो, कागदावर पेनची रेघ खाली उतरते. रेघ जितकी झपाट्याने खाली, तितका जीव दांडगा.

सेंट्रिफ्यूज एक, डबी एक. म्हणून एका वेळी एकच वळू. आधी ऑलिव्हर. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला ताटकळत ठेवणं आमच्या संस्कारात नाही. त्याचं उरकेपर्यंत जेवायची वेळ होते. मग दिग्विजय लावतो. त्याचं तिसरं धुणं होऊन तो तळाशी बसला की स्कूटर काढून घरी. जेवण. नंतर थोडा विचार. चारला परत येऊन गोळा मोडतो आणि रीडिंग घेतो.

आजचा निकाल: ऑलिव्हरची रेघ धाडकन खाली. दिग्विजयची रेघ कागदावर नुसती लोळत होती. उत्तम.

११ जानेवारी, मंगळवार

नम्रता भोयर. माझी ज्युनिअर. वर्ध्याची. इथे पेठेतच खोली घेऊन राहते, डबा लावला आहे, पण दुपारी लॅबमध्येच बसून खाते. घरी जाण्यासारखं घर नसलं की माणूस असा चोवीस तास ऑफिसात दिसतो आणि वरिष्ठांना वाटतं काय कष्टाळू.

आज म्हणाली की सर, तो गोळा तळाशी इतका वेळ दबून राहतो, त्यांना त्रास होत असेल न? मी सौजन्याने म्हणालो की विश्रांती घेतल्याने आजवर कोणी मेल्याचं माझ्या ऐकिवात नाही, तुमच्या वर्ध्याला मरत असतील. ती म्हणाली, बरं सर.

हे 'बरं सर' मला आवडत नाही. त्यात 'बरं' फार आणि 'सर' कमी असतं.

१४ जानेवारी, शुक्रवार

नम्रताची नवी टूम. धुवायचंच नाही म्हणे. सॅम्पल ट्यूबच्या तळाशी सोडायचं, वर बफर ठेवायचं, ऊब द्यायची आणि गप्प बसायचं. ज्यांच्यात दम आहे ते शुक्राणू आपण होऊन पोहत वर येतात, तेवढेच उचलायचे. परदेशात असं करतात म्हणाली.

करत असतील. ज्यांना यायचं ते वर येतील आणि शास्त्रज्ञ स्टुलावर बसून वाट बघणार. मग शास्त्रज्ञ हवा कशाला, शिपाई बसवा. मी बारा वर्षं खुर्चीसाठी पोहतो आहे, मला कोणी वरून उचललं नाही. नकार दिला.

दुपारी घरी विचार करताना डोळा लागला असावा, कारण सौ. मंदाकिनी म्हणाली की तुमचा विचार खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. हिची सकाळची शाळा. एक वाजता घरी येते आणि उरलेला दिवस माझे पेपर तपासते.

२१ जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर डायरी नाही. संकल्प चार रद्द. डायरी सुचेल तेव्हा लिहिणार. थोर माणसं अशीच लिहितात.

वरद काही महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आला आहे. त्याची अमेरिकन कंपनी. तिकडे दिवस असतो तेव्हा हा काम करतो, म्हणून आमच्या हॉलमध्ये भर दिवसा गोधडी पांघरून पडलेला. मी जेवायला आलो तर तंगड्या ओलांडून जावं लागलं. त्याला उठवून ऐकवलं की दिवसाढवळ्या झोपणाऱ्या पिढीच्या हातात देश जातो आहे, मला काळजी वाटते. तो म्हणाला, सॉरी मामा, आणि कूस बदलली. मी आत जाऊन विचार केला. चारला उठलो.

२५ जानेवारी, मंगळवार

नम्रताने आज हद्द केली. म्हणाली की एक दिवस दिग्विजयला आधी घेऊन पाहू न सर, ऑलिव्हरला नंतर. काय बिघडते?

काय बिघडते! शिस्त बिघडते. तीन महिने एका क्रमाने प्रयोग केल्यावर तो क्रम म्हणजेच पद्धत. शिवाय ऑलिव्हर जेवणानंतरपर्यंत थांबणार? कॅनडावाल्यांना कळलं तर काय म्हणतील? मी तिला विचारलं की तुमच्या घरी पाहुणे आले तर आधी घरातली माणसं जेवून घेतात का. ती म्हणाली की आमच्या घरी सगळे संगंच बसतात.

वाटलंच होतं.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

बातमी! नऊ मार्चला दिल्लीहून डॉ. श्यामला येणार. तज्ज्ञ समितीच्या अध्यक्ष. माझा रिपोर्ट पाहणार, प्रयोग प्रत्यक्ष पाहणार आणि तिथल्या तिथे दोन निर्णय: दिग्विजयचं काय करायचं आणि आप्पासाहेबांनंतर कोण. आप्पासाहेब स्वतः म्हणाले, खांबेटे, तुमचा रिपोर्ट टिकला तर खुर्ची तुमचीच. 'तर' कशाला घातलं कळलं नाही. निवृत्ती जवळ आली की माणसं शब्द सैल वापरतात.

संकल्प नव्याने. सुटाला इस्त्री. इंग्रजीतून भाषण. आप्पासाहेबांच्या केबिनमधला पंखा आवाज करतो, तो खुर्ची मिळाल्या मिळाल्या बदलून घेणे.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तरेश्वरने थर्मास दिला आणि हलला नाही. मी विचारलं काय हवंय. म्हणाला की साहेब, दिग्विजयला काय बी झालेलं नाय, तगडा हाय, पेंड सुदीक सोडत नाय. मी म्हणालो की पेंड मीही सोडत नाही, मुद्दा तो नाही, मुद्दा शुक्राणूंच्या चयापचयाचा आहे. तो म्हणाला की लिलावातनं जनावर कुठं जातंय ते तुम्हाला ठाव हाय का. सहा वरसं त्याला मी हातानं न्हाऊ घातलंय.

मी त्याला सांगितलं की विज्ञानात भावना चालत नाहीत. तो बाटल्यांकडे बघत उभा राहिला. शेवटी चहाला पाठवला. ड्रायव्हर लोकांना एकदा बोलू दिलं की मग ते मनातलं बोलतात.

आज रेघ इतकी आडवी होती की नम्रताला वाटलं पेनातली शाई संपली. मला वाईट वाटायचं काही कारण नाही. वळू आळशी आहे, त्याला मी काय करू?

२९ फेब्रुवारी, मंगळवार

चार वर्षांतून एकदा येणारा दिवस. वरदच्या कॉम्प्युटरला हासुद्धा दिवस कळणार नाही म्हणत होते, कळला. आता हे लोक कशावर पगार घेणार?

रिपोर्ट पुरा. शीर्षकात 'जन्मजात चयापचयिक आळस' हा माझा शब्दप्रयोग. नम्रताने टाइप करून दिला. टाइप करताना दोनदा थांबली. विचारलं तर म्हणाली, काही नाही सर, तुमचंच वाक्य आहे, तसंच ठेवते.

८ मार्च, बुधवार

उद्या. सगळं ठरलं. मॅडम दहाला येणार. आल्याबरोबर मशीन चालू दिसलं पाहिजे, म्हणून ऑलिव्हर आधीच धुऊन तळाशी बसवून तयार ठेवणार. मग छोटंसं स्वागत. प्रास्ताविक मी करणार, दहा मिनिटं. मग ऑलिव्हरची रेघ खाली, टाळ्या. मग दिग्विजय. जेवण लॅबमध्येच, केटरर सांगितला आहे. एक दिवस दुपारच्या विचाराला सुट्टी. देशासाठी एवढं करीन.

मंदाकिनी म्हणाली की भाषण लांबवू नका. हिला काय कळतंय? तीस वर्षं तास संपायच्या आत धडा संपवते आहे, त्याचा परिणाम.

९ मार्च, गुरुवार, रात्री

लिहायची इच्छा नाही. पण घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे कट स्पष्ट दिसेल.

दहाला मॅडम आल्या. ऑलिव्हर तळाशी तयार. दीपप्रज्वलन. ज्योत लागेना, पंखे बंद करावे लागले. स्वागतगीत. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी. पगडी मोठी होती, मॅडमच्या चष्म्यावर आली. मग माझं प्रास्ताविक. ऋग्वेदातल्या वृषभापासून सुरुवात केली. मधे आप्पासाहेबांनी घड्याळ दाखवलं. मला वाटलं नवीन घेतलं आहे, मी मान डोलावली. प्रास्ताविक रंगलं. मग आप्पासाहेबांचं मनोगत, त्यांच्या कारकिर्दीचा आढावा. या माणसाला थांबायचं कळत नाही.

लॅबमध्ये आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. ऑलिव्हरचा गोळा मोडला, डबीत घातला, पेन टेकवलं. मी मॅडमकडे वळून म्हणालो, आता पाहा कॅनडाची ताकद.

रेघ आडवी.

डबी धुऊन पुन्हा भरली. रेघ आडवी. बटणं दाबली. मीटरला बाजूने थापट मारली, सगळे मारतात. आडवी. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, दुसरा वळू दाखवा. दिग्विजयला सगळ्यांसमोर धुतलं, तिन्ही वेळा, आणि शेवटचं धुणं संपता संपता गोळा मोडून डबीत घातला, कारण वीस माणसं उपाशी उभी होती आणि केटररचा मसालेभात निवत होता.

पेन टेकवलं आणि रेघ दरीत पडल्यासारखी खाली गेली. कागदाच्या बाहेर. दाराशी उत्तरेश्वर उभा होता, तो मोठ्याने हसला.

मी लगेच ओळखलं की नम्रताने लेबलं बदलली. तसं स्पष्ट बोललो, सगळ्यांसमोर, सौजन्य बाजूला ठेवून. तिने फक्त ट्यूब वर धरून दाखवल्या. लेबलं माझ्या अक्षरात होती. मग मॅडमनी तिला विचारलं की हा पहिला गोळा तळाशी किती वेळ पडून होता.

आणि ही मुलगी, जिला मी पिपेट धरायला शिकवलं, म्हणाली की सर रोज जेवायला घरी जातात न, साधारण तेवढा वेळ.

मॅडमनी विचारलं की रोज कुठला वळू पडून असतो. नम्रता जमिनीकडे बघायला लागली. उत्तर दिलं उत्तरेश्वरने. एका शब्दात. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मॅडमनी पगडी काढून टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना समजावून सांगितलं, हळू आवाजात, मला पाठ असलेली गोष्ट मलाच: तळाशी दाटीवाटीने दाबून ठेवले की आसपासचा ऑक्सिजन आणि साखर ते संपवून टाकतात, स्वतःच्याच आम्लात गुदमरतात, नंतर कितीही हवा दिली तरी उभारी धरत नाहीत. हे वळूचं मोजमाप नाही, म्हणाल्या, हे तुमच्या दुपारचं मोजमाप आहे.

मी खुलासा केला की व्होल्टेज कमी होतं. मसालेभात कोणी वाढला आठवत नाही.

१० मार्च, शुक्रवार

रजा. पोट ठीक नाही. मंदाकिनीने न विचारता मऊ भात केला. हे जास्त लागलं. वरद उठून म्हणाला, मामा, आमच्यात याला बग म्हणतात, सगळ्यांच्या हातून होतात. मी म्हणालो की तुमच्यात होत असतील.

१७ मार्च, शुक्रवार

निकाल. आप्पासाहेबांना दोन वर्षं मुदतवाढ. पंखा तोच राहणार. दिग्विजय केंद्रावरच, लिलाव रद्द. उत्तरेश्वर पेढे घेऊन आला. सगळ्यांना देऊन झाल्यावर माझ्यासमोर डबा धरला, मान खाली घालून, म्हणाला, साहेब, तुम्ही बी घ्या. मी एक घेतला. तो हलेना, म्हणून अजून एक घेतला. चितळेंचे नव्हते.

रिपोर्ट परत आला आहे. 'जन्मजात' या शब्दाखाली पेन्सिलची रेघ. तीही आडवी.

२७ मार्च, सोमवार

अखेर न्याय! मॅडमनी दिल्लीहून नवा प्रकल्प मंजूर केला: सॅम्पल तयार करण्याच्या पद्धतीचा वळूंच्या शुक्राणूंच्या चयापचयावर परिणाम. म्हणजे विषय माझाच. मी नसतो तर हा परिणाम कुणाच्या लक्षात आला असता? प्रमुख नम्रता भोयर. ठीक आहे, कागदोपत्री कोणीतरी लागतं.

तीन गट. पहिला, धुतलं की लगेच रीडिंग. दुसरा, नम्रताचे आपण होऊन वर येणारे. तिसरा, गोळा दुपारभर तळाशी ठेवायचा. आप्पासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तिसरा गट तुमच्याकडे, खांबेटे, यातला अनुभव तुमच्याइतका कोणाला नाही. पूर्वीचीच दिनचर्या ठेवायची, त्यात अजिबात बदल नको. दुपारी घरी जायचं, जेवायचं, चारला यायचं. हसत होते. आनंद झाला असावा.

घरी सांगितलं की माझा दुपारचा विचार आता प्रकल्पाचा अधिकृत भाग आहे, दिल्लीचा पैसा आहे त्यात. मंदाकिनी म्हणाली, अभिनंदन, मी उशीचा अभ्रा बदलते.

संकल्प: तिसरा गट असा चालवायचा की बाकीच्या दोघांनी तोंडात बोट घालावं.

३ एप्रिल, सोमवार, दुपारी

पहिला दिवस. आज ऑलिव्हर आणि दिग्विजय दोघेही तिसऱ्या गटात, शेजारी शेजारी तळाशी. झाकण लावलं आणि स्कूटर काढली. जेवलो. वरण-भात, गवारीची भाजी. अंगावर चादर घेतली. पंखा दोनवर. मंदाकिनीने पडदे ओढले.

पाठीवर झोपून पाहिलं. कुशीवर पाहिलं. चादर काढली, घेतली. हॉलमध्ये वरद घोरतो आहे, निवांत. बारा वर्षांत असं कधी झालं नाही. डोळे मिटले की ती ट्यूब दिसते. तळाशी सगळे एकमेकांखाली दबून बसलेले, वरती एवढं स्वच्छ पाणी, मी तीनदा धुतलेलं, आणि कोणी येऊन गोळा मोडेल म्हणून वाट बघतायत. उठून जाऊन हलवून यावं असं दोनदा वाटलं. पण मग तो तिसरा गट राहणार नाही.

आणि एक लक्षात आलं. मी इथे झोपलो काय, न झोपलो काय, ट्यूबला काही फरक नाही.

आत्ता फोन वाजला. मंदाकिनीने घेतला. नम्रता होती. मंदाकिनी शाळेच्या सवयीने समोरच्याचं वाक्य परत म्हणते, म्हणून इथून सगळं ऐकू आलं. सरांना उठवू नका म्हणाली, त्यांना यायची गरज नाही, दोघांचीही रीडिंग मीच घेईन. मंदाकिनी म्हणाली की बरं, झोपू दे त्यांना, आणि हळूच दार लोटून घेतलं.

मी जागाच होतो.